लाभाचा धर्म आणि वसईचा हुतात्मा

श्रद्धा ठेवली कीं व्यापार वाढतो, दान दिलें कीं तें दामदुपटीनें परत येतें, आणि दारिद्र्य व आजार हीं अविश्वासाचीं लक्षणें होत, अशी शिकवण विसाव्या शतकांत अमेरिकेंत फोफावली. ती आज आमच्याही दारापर्यंत आली आहे. ती आपल्याच इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहावी, असें आम्हांस वाटतें.

वसईस सोळाव्या शतकांत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे ऐन तारुण्यांत पूर्वेकडील भरभराटीचे व्यापारी होते. तें सारें सोडून ते मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु झाले व इ. स. १५९३ मध्यें दुभाषी म्हणून जपानांत गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २५ सोबत्यांसह त्यांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलें. इ. स. १८६२ मध्यें पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. समृद्धि हीच श्रद्धेची खूण असती, तर व्यापार सोडतांच गोन्सालोंची श्रद्धा आटली, असें म्हणावें लागेल. ख्रिस्तसभेनें नेमकें उलट मानलें.

आमच्या नेसरीच्या खिंडींत २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं प्रतापराव गुजर सहा स्वारांसह शत्रूवर तुटून पडले. त्यांची निष्ठा कोणी लाभानें मोजीत नाहीं. मग प्रभूवरील निष्ठा आम्हीं कां मोजावी?

भाकरीसाठीं व आरोग्यासाठीं प्रार्थना अवश्य करावी. परंतु पीक बुडालेल्या शेजाऱ्यास अविश्वासी म्हणूं नये. त्याच्या घरीं धान्य पोंचवावें. या महोत्सवीं आम्ही देवाजवळ एवढीच सुबुद्धि मागतों.