सरहद्दीपलीकडचे गाव : मुंबईकर गोवेकरांचा घरचा प्रवास

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्या माणसांचे सर्वांत मोठे ठिकाण मुंबई होते. विसाव्या शतकाच्या मध्यास गोव्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती आणि एकट्या मुंबईत लाखाच्या घरात गोवेकर राहत होते. जहाजांवरचे खलाशी, खानसामे, वादक, कारकून, व्यापारी, गवई, छापखान्यांतले कामगार असे सर्व थरांतले लोक त्यांत होते. बिऱ्हाड मुंबईत असले तरी घरदार, शेतभाट, कुळदैवत किंवा चर्च गोव्यात होते. चवथ, जत्रा, फेस्त, लग्न आणि मरण या निमित्तांनी गावी जाणे हा त्यांच्या आयुष्याचा ठरलेला भाग होता. १९२६ नंतर पोर्तुगालमध्ये हुकूमशाही आली आणि १९४७ मध्ये मुंबई स्वतंत्र भारतात राहिली. या दोन घटनांनी त्या प्रवासाचे स्वरूप पालटले.

हे स्थलांतर जुने असले तरी त्याला वेग आला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने दोन्ही मुलखांमधील जकातीच्या भिंती काढून टाकल्या आणि मुरगाव बंदरापर्यंतच्या रेल्वेचा मार्ग मोकळा केला. तहामुळे गोव्याचे स्थानिक उद्योग खचले. १८९२ मध्ये तहाची मुदत संपली आणि जकातनाके परत आले. मात्र मुंबईकडे लागलेली माणसांची रीघ थांबली नाही.

मुंबईत धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागांत गोवेकरांची वस्ती दाट होती. ख्रिस्ती गोवेकरांनी गावागणिक ‘कूड’ उभारले. कूड म्हणजे एका गावच्या पुरुषांनी वर्गणी काढून चालवलेले सामायिक बिऱ्हाड. दोन सफरींच्या मधले दिवस खलाशी तिथे काढत. गावाची बातमी आणि गावाकडे पाठवायचे सामान तिथूनच हलत असे. हिंदू गोवेकरांनी ज्ञातिसंस्था आणि नियतकालिके काढली. ‘गोमंतक मराठा समाज’ ही संस्था मुंबईत १९२९ साली उभी राहिली. गोव्यात उघडपणे बोलता न येणाऱ्या विषयांची चर्चा मुंबईत होई, आणि ती सुटीत गावी जाणाऱ्यांबरोबर सरहद्द ओलांडत असे.

गावी जाण्याच्या वाटा दोन होत्या. पहिली आगबोटीची. मुंबईहून निघालेली बोट कोकणातली बंदरे घेत पणजीला पोहोचे. समुद्र खवळला की पावसाळ्यात ही वाट बंद पडे. दुसरी वाट रेल्वेची. मुंबईहून पुण्यापर्यंत मोठी गाडी, तिथून छोट्या रुळांची गाडी धरून मिरज, बेळगाव, लोंढा असे करत कॅसलरॉक, मग दूधसागरचा घाट उतरून पोर्तुगीज हद्दीतील कुळे आणि पुढे मडगाव, मुरगाव. ब्रिटिश काळात या प्रवासाला पासपोर्ट किंवा व्हिसा लागत नसे. सीमेवर सामानाची झडती होई, जकात आकारली जाई आणि गाडी पुढे सरके.

झडतीचे कारण पुढे बदलले. १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने गोवेकरांचा दर्जा खालावला आणि १९३३ च्या घटनेने पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची ‘नवी राज्यव्यवस्था’ पक्की केली. वृत्तपत्रांना पूर्वतपासणी आली, सभेला सरकारी परवानगी लागू लागली, लग्नपत्रिकादेखील छापण्यापूर्वी दाखवाव्या लागत. साहजिकच मुंबईहून येणारी पत्रके आणि वर्तमानपत्रे सरकारला धोक्याची वाटू लागली. त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये स्थापन केलेल्या गोवा काँग्रेस समितीला १९३८ मध्ये मुंबईत शाखा काढावी लागली. गोवेकरांच्या राष्ट्रीय अस्मितेच्या ऱ्हासावरची त्यांची पुस्तिकाही १९४४ मध्ये मुंबईतच निघाली.

गावी आलेल्या मुंबईकराचा राजकीय परिणाम किती होऊ शकतो, हे १९४६ च्या जूनमध्ये दिसले. मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. ज्युलियांव मिनेझिस आपल्या असोळणे गावी आले आणि त्यांच्याकडे समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी उतरले. १८ जून रोजी दोघांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली आणि दोघांनाही अटक झाली. लोहियांची हद्दपारी झाली. सप्टेंबरात ते पुन्हा आले तेव्हा त्यांना कुळे स्थानकावरच पकडून आग्वादच्या किल्ल्यात ठेवले गेले. स्थानिक पुढाऱ्यांना मिळालेली शिक्षा याहून कठोर होती. कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या तुरुंगात धाडले. पुरुषोत्तम काकोडकरांसह इतर काही जणांनाही पोर्तुगालला पाठवण्यात आले. परक्याला सरहद्दीबाहेर काढायचे आणि आपल्या प्रजाजनाला साता समुद्रापार न्यायचे, अशी ही रीत होती. मुंबईत राहणारे अनेक गोवेकर कायद्याने पोर्तुगीज प्रजाजनच होते, म्हणून गावी पाऊल ठेवताच ते दुसऱ्या गटात मोडत.

भारत स्वतंत्र झाल्यावर हा प्रवास दोन देशांमधला झाला. वाटाघाटींना यश येत नाही हे पाहून भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १९५४ च्या उन्हाळ्यापासून भारताने गोव्याशी व्यवहार आवळत नेला. जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली पोर्तुगीजांच्या हातून गेल्यावर पोर्तुगीज पहाराही कडक झाला. त्याच वर्षी गोव्याच्या मुक्तीसाठी झालेल्या १५ ऑगस्टच्या सत्याग्रहात भारत सरकारने फक्त मूळच्या गोवेकरांना सीमा ओलांडू दिली. आपल्या मुलखात जाण्याचा हक्क गोवेकराला आहे आणि तो बजावणे ही परदेशी घुसखोरी ठरत नाही, हे त्यामागचे राजनैतिक गणित होते. आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला आणि ती पकडली गेली. एप्रिल १९५५ मध्ये सुधाताई जोशी म्हापशाला गेल्या. त्या मूळच्या गोव्याच्या आणि पुण्यात स्थायिक झालेले लेखक महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी. नॅशनल काँग्रेस (गोवा) च्या अधिवेशनाच्या अध्यक्षा म्हणून त्या उभ्या राहिल्या, त्यांना जागीच अटक झाली आणि पुढे दीर्घ कारावासाची शिक्षा.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मेली. त्यानंतर भारताने राजनैतिक संबंध तोडले, रेल्वे थांबवली आणि पणजीतील वाणिज्य दूतावास सप्टेंबरात बंद केला. पोर्तुगालचे भारतातील हितसंबंध ब्राझील आणि भारताचे पोर्तुगालमधील हितसंबंध इजिप्त पाहू लागला. नाकेबंदीचा रोख लिस्बनच्या सरकारवर असला, तरी तिची झळ मुंबईच्या पगारावर जगणाऱ्या गोव्यातल्या कुटुंबांना लागली. पैसे पाठवण्यावर निर्बंध आले, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येईना, आणि परवाना मिळालेल्यालाही सीमेपर्यंत वाहनाने जाऊन मधला पट्टा पायी तुडवावा लागे. बांदा-पत्रादेवी आणि कारवारकडील माजाळी-पोळे ही नावे या काळात प्रवाशांच्या तोंडी रुळली.

गोवा यामुळे मोडला नाही. लोहखनिजाची निर्यात वाढत होती आणि धान्य व चैनीच्या वस्तू समुद्रमार्गे येत होत्या. १९५५ मध्येच दाबोळीचा विमानतळ आणि पोर्तुगीज भारताची विमानसेवा सुरू झाली; तिची विमाने कराचीला जात. १९५९ मध्ये रुपियाच्या जागी एस्कुदो आल्यावर चलनाचा धागाही तुटला. आत पिदे या राजकीय पोलिसांची दहशत होती. बाहेरून बातमी पोहोचवण्याचे काम वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांच्या गुप्त नभोवाणी केंद्राने नोव्हेंबर १९५५ पासून केले. आंबोलीच्या जंगलातून सुरू झालेले हे केंद्र पुढे कॅसलरॉकला हलले. माणूस जिथे अडवला जाई तिथून आवाज पलीकडे जात होता.

येण्याजाण्याच्या हक्काचा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही गेला. मात्र तो दमणमार्गे दादरा-नगरहवेलीला जाण्यापुरता होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या वाहतुकीचा पोर्तुगालचा हक्क मान्य झाला, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांचा नाही. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असेही न्यायालयाने ठरवले. गोव्याच्या सीमेवर ताटकळणाऱ्यांना या निकालाचा उपयोग नव्हता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला आणि मुंबई-गोवा प्रवास पुन्हा देशातला प्रवास झाला. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने गोवा, दमण आणि दीवच्या रहिवाशांना भारतीय नागरिकत्व दिले. पोर्तुगालच्या तुरुंगात असलेल्या स्वातंत्र्यसैनिकांची वाट मात्र लांबली. मोहन रानडे जानेवारी १९६९ मध्ये सुटले, तेलो मास्कारेन्यस १९७० मध्ये. सालाझारशाही १९७४ मध्ये कोसळली आणि ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. लिस्बन आणि आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत स्थिरावलेल्या गोवेकरांना त्यानंतर दोन्ही देशांच्या अधिकृत संबंधांच्या आधारे गावी येता येऊ लागले.