चाकांवरचा गारवा

चैत्र सरत आला की भाड्याच्या घरांत एक प्रश्न हमखास डोके वर काढतो. भिंतीला भोक पाडू देण्यास घरमालक तयार नसतो, इमारतीच्या दर्शनी बाजूला बाहेरचे युनिट टांगण्यास सोसायटीची हरकत असते आणि खिडकीला पक्के ग्रिल असल्याने विंडो एसीची सोय उरत नाही. अशा वेळी चाकांवर फिरणारा पोर्टेबल एसी खुणावू लागतो. तोडफोड नको, घर बदलले की यंत्रही सोबत. ही सोय खरी आहे. मात्र तिची किंमत पावतीवर दिसते तेवढीच नसते.

आधी नावाचा घोळ दूर करायला हवा. पोर्टेबल एसी म्हणून टेबलावर मावणारे जे प्लॅस्टिकचे खोके विकले जातात, ते प्रत्यक्षात पाण्यावर चालणारे छोटे कूलर असतात. पाण्याची वाफ होताना हवा थंडावते, या तत्त्वावर विदर्भातील वाळ्याचे कूलर उत्तम चालतात, कारण तेथील उन्हाळा कोरडा असतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तेच यंत्र घाम वाढवते. खऱ्या पोर्टेबल एसीत कॉम्प्रेसर असतो, वजन पंचवीस-तीस किलोंच्या घरात जाते आणि मागे गरम हवेची जाड नळी असते. नळी नसेल तर तो एसी नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

ती नळी खिडकीबाहेर न काढता यंत्र चालवणारेही आढळतात. फ्रिजचे दार उघडे ठेवून स्वयंपाकघर गार करण्यासारखाच हा प्रकार. एसी गारवा निर्माण करत नाही, खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती बाहेर गेलीच नाही, तर कॉम्प्रेसरच्या विजेची भर पडून खोली उलट तापते.

या यंत्राचे मूळ दुखणेही नळीशीच निगडित आहे. एक नळीचे यंत्र आपले तापलेले कॉइल थंड करण्यासाठी खोलीतीलच हवा घेते आणि ती बाहेर फेकते. तासाभरात अशी काही शे घनमीटर हवा निघून जाते. दहा बाय बाराच्या खोलीत जेमतेम तीस-पस्तीस घनमीटर हवा असते, म्हणजे तेवढी हवा तासात अनेकदा बदलली जाते. तिची जागा दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या सांध्यांतून शिरणारी बाहेरची ऊन हवा घेते. यंत्र एका हाताने गार करते आणि दुसऱ्या हाताने उष्णता आत ओढते. दोन नळ्यांच्या यंत्रात कॉइलसाठी लागणारी हवा बाहेरूनच येते, त्यामुळे हा तोटा बराच घटतो. निवडीला वाव असल्यास तेच घ्यावे.

क्षमतेचे आकडे वाचतानाही हे भान हवे. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषली जाते, त्यावरून हे माप आले. मात्र जुन्या चाचणीपद्धतीत आत शिरणाऱ्या गरम हवेचा हिशेब नव्हता. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०१६ मध्ये नवी पद्धत ठरवून तो धरायला लावला, तेव्हा १४,००० बीटीयूची म्हणून विकली जाणारी यंत्रे दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहीखाली उतरली. एक टनाचा पोर्टेबल एसी एक टनाच्या स्प्लिटइतकी खोली गार करील, ही अपेक्षा म्हणूनच फोल ठरते. स्प्लिट बसवणे शक्य असेल तर त्याला पर्याय शोधू नये.

सोबत मिळणारी खिडकीची पट्टी सरकत्या खिडकीत बसते. आपल्याकडील बाहेर उघडणाऱ्या झडपांना व ग्रिलला ती सहसा जुळत नाही. सुताराकडून नळीच्या मापाचे भोक पाडलेली प्लाय किंवा अ‍ॅक्रिलिकची फळी करून घ्यावी आणि कडांना फोमची पट्टी लावावी. नळी शक्य तितकी आखूड व सरळ ठेवावी, जोड देऊन लांबवू नये. ती स्वतःच तापते व खोलीत उष्णता सोडते, तेव्हा तिच्यावर उष्णतारोधक वेष्टन चढवल्यास फरक जाणवतो. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावणे हा त्याहून स्वस्त उपाय.

एका धोक्याची मात्र फारशी चर्चा होत नाही. एक नळीच्या यंत्रामुळे घरातील हवेचा दाब किंचित कमी होतो आणि जेथून मिळेल तेथून हवा ओढली जाते. शेजारच्या न्हाणीघरात गॅस गीझर चालू असेल, तर त्याचा धूर बाहेर जाण्याऐवजी निजायच्या खोलीकडे वळू शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. गीझर चालू असताना असा एसी बंद ठेवावा. अलीकडच्या अनेक यंत्रांत शीतक म्हणून प्रोपेन, म्हणजेच आर-२९०, असतो. जागतिक तापमानवाढीत भर घालणाऱ्या वायूंना युरोपीय संघाने अशा यंत्रांत २०२० पासून मनाई केल्यावर तो रूढ झाला. तो ज्वलनशील असल्याने यंत्र देव्हाऱ्यातील समईपासून व शेगडीपासून दूर असावे, आणि माहितीपुस्तिकेत दिलेल्या किमान क्षेत्रफळापेक्षा लहान खोलीत ते वापरू नये.

विजेचे म्हणाल, तर एक टनाचे यंत्र साधारण १२०० ते १४०० वॅट घेते. कॉम्प्रेसर सतत चालल्यास आठ तासांच्या रात्रीत दहा युनिट सहज जळतात, महिन्याचे तीनशे. बिल वरच्या दराच्या टप्प्यात ढकलायला तेवढे पुरे. १६ अँपिअरचे सॉकेट हवेच. एक्स्टेंशन बोर्डावर हे यंत्र चालवणे म्हणजे वायर जळण्यास आमंत्रण. घरच्या साध्या इन्व्हर्टरला हा भार झेपत नाही.

कॉम्प्रेसर उशाशीच असल्याने आवाजाची सवय करून घ्यावी लागते. हलकी झोप असणाऱ्यांनी दुकानात यंत्र चालू करून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दमट हवेत पाण्याची टाकी लवकर भरते, आणि ती भरली की यंत्र मध्यरात्री आपोआप थांबते. निचऱ्याची नळी बादलीत सोडली की ही कटकट मिटते. जाळी दर पंधरवड्याला धुवावी. पावसाळ्यात यंत्र आवरून ठेवताना टाकी रिकामी करून नुसता पंखा काही तास चालवावा, नाहीतर कॉइलवर बुरशी धरते. ठेवावे उभेच, वाहतुकीत आडवे झाले असल्यास काही तास सरळ उभे ठेवून मगच बटण दाबावे.