तुमचा मॉनिटर कुठलं प्रोफाइल वापरतोय?

मंडळी, एकच फोटो दोन मशीनवर वेगळा का दिसतो? भांडण जुनं आहे. मॅकचा गॅमा वर्षानुवर्षं १.८ होता, पीसीचा २.२. म्हणजे मॅकवर मन लावून उजळ केलेला फोटो पीसीवर काळवंडायचा. (१.८ कशाला? तर पडदा लेझर प्रिंटरच्या छपाईशी जुळावा म्हणून!) ॲपलने हा हट्ट सोडला थेट २००९ मध्ये, स्नो लेपर्डच्या वेळी.

मधे १९९३ साली ॲपल, ॲडोबी, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्यांनी आयसीसी स्थापली. प्रत्येक यंत्राने आपल्या रंगांची ओळख प्रोफाइलच्या फाइलीत सांगायची, ही कल्पना. चांगली होती, पण कटकटीची. म्हणून १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने सोपा तोडगा काढला: एसआरजीबी. तेव्हाच्या जाडजूड काचेच्या मॉनिटरवर बेतलेला! ते मॉनिटर भंगारात गेले, त्यांचे रंग मात्र राहिले.

विंडोजमध्ये 'कलर मॅनेजमेंट' उघडून आपला डिस्प्ले निवडा. डिफॉल्ट प्रोफाइल तिथेच दिसेल. यादी रिकामी? मग विंडोज एसआरजीबीच धरून चालतं. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, मग डिस्प्लेज. लग्नाचा अल्बम छापायला टाकण्याआधी एवढं बघाच. नाहीतर शालू पडद्यावर एक आणि कागदावर भलताच.