कमान, पाटा आणि पाणी : मोटारीचा भार झेलणाऱ्या पोलादाचा इतिहास

पनवेलहून दक्षिणेस निघालेला मुंबई-गोवा रस्ता दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याच्या डोंगराला बिलगून जातो. पनवेल व आपटे या बंदरांतून बोरघाटाकडे जाणाऱ्या मालाच्या वाटेवर नजर ठेवणे, हे या दुर्गाचे प्रयोजन होते. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो मोगलांकडून घेतला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. गडाला महत्त्व आले ते वाटेमुळे. परंतु वाटेचा इतिहास लिहिताना रस्ते, पूल आणि यंत्रे यांचीच नोंद होते. वाहनाचा भार झेलणारा धातू बहुधा नोंदीबाहेर राहतो.

१८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता चाकाच्या वाहनांस खुला झाला. गाड्यांची चाके बनविणे हा पनवेलचा मुख्य व्यवसाय असून देशावरून येणारा गाडीवान परतताना चाकांची जोडी घेऊन जाई, असे ब्रिटिश अमदानीतील गॅझेटिअर नमूद करते. या बैलगाडीत लोखंड होते ते चाकाच्या धावेत आणि आसात. कमान मात्र नव्हती. धक्का लाकूड सोसे आणि बैलाची मंद चाल तो सौम्य करी. कमानीची गरज वेगाने निर्माण केली. लंडनचा गाडी-कारागीर ओबाडिया इलियट याने १८०४ मध्ये पोलादी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले. तीच रचना पुढे घोडागाडीतून मोटारीत आली.

मराठीने या वस्तूला दिलेली नावे लक्षणीय आहेत. ‘कमान’ म्हणजे फारसीत धनुष्य. गॅरेजमधील कारागीर त्याच कमानीच्या एकेका पट्टीस ‘पाटा’ म्हणतो. दोन्ही नावे आकाराची आहेत; धातूविषयी ती काहीच सांगत नाहीत. वस्तुतः कमानीचे मर्म धातूतच आहे. मऊ लोखंड वाकते ते वाकलेलेच राहते, बीड मोडते. वाकून पुन्हा पूर्वस्थितीस येण्याचा गुण विशिष्ट प्रकारच्या पोलादातच आढळतो. पोलादाचे जुने मराठी नाव ‘तिखे’ हे संस्कृत ‘तीक्ष्ण’ यापासून आले आहे. म्हणजे हा धातू पूर्वी ओळखला गेला तो धारेवरून. महाबळेश्वरच्या पठारावरील धावड लोखंड गाळीत. दक्षिण भारतातील प्रसिद्ध मुशीच्या पोलादात कार्बनाचे प्रमाण सुमारे दीड टक्का असे. ते धारेस उत्तम, पण लक्षावधी वेळा वाकण्यास अयोग्य होते. कमानीच्या पोलादात कार्बन सुमारे अर्धा ते पाऊण टक्का पुरतो. त्यात दीड ते दोन टक्के सिलिकॉन व थोडे मँगनीज घातले असता त्याची स्थितिस्थापक मर्यादा वाढते. क्रोमियममुळे जाड पाटाही आतपर्यंत कठीण होतो आणि व्हॅनेडियम धातूचा कण बारीक ठेवते. १९०८ मधील फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने व्हॅनेडियमयुक्त पोलादाला मोठी प्रसिद्धी मिळवून दिली.

मुंबईत मोटारींची जुळणी १९२८ मध्ये जनरल मोटर्सच्या शिवडी येथील कारखान्यात सुरू झाली. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून तिची वाहने बाहेर पडू लागली. भाग आयात करून केवळ जुळणी करणाऱ्यांना १९५३ च्या सरकारी धोरणाने वाव ठेवला नाही. तेव्हापासून सुटे भाग देशातच घडविण्याचा प्रश्न निकडीचा झाला. प्रीमियरने बनविलेल्या फियाट ११०० या मोटारीत पुढे कॉइल स्प्रिंग, म्हणजे पोलादी सळईच्या वेटोळ्याची कमान, आणि मागे पाट्यांची कमान अशी व्यवस्था होती. १९६१ मध्ये पुण्यात भारत फोर्ज स्थापन झाली आणि आसासारखे घडीव पोलादाचे भाग महाराष्ट्रात तयार होऊ लागले. जुन्या मोटारींत कमानीच्या टोकांशी काशाचे बुश असत. त्यांची जागा पुढे रबराने घेतली. अलीकडे महागड्या मोटारींत चाकांशी जोडलेले दांडे वजन घटविण्यासाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले जातात.

तथापि योग्य मिश्रण म्हणजे कमान नव्हे. पाटा सुमारे ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवावा लागतो. मग ठिसूळपणा जाण्यासाठी तो पुन्हा ४५० ते ५०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो. या संस्काराला लोहाराच्या भाषेत ‘पाणी देणे’ म्हणतात. ही कल्पना प्राचीन आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त खड्गलक्षणाच्या विवेचनात तिला ‘शस्त्रपान’ म्हटले आहे. फारसीतही त्याच अर्थी ‘आब’ हा शब्द योजतात. माणसाचे ‘पाणी जोखणे’ किंवा त्याला ‘पाणीदार’ म्हणणे हे प्रयोगही याच अर्थाशी जुळतात. मात्र ‘पाणी’ या एका शब्दात कठीण करणे आणि ठिसूळपणा घालविणे या दोन भिन्न क्रिया एकवटल्या आहेत, आणि दोहोंचे तापमान तो सांगत नाही.

या उणिवेची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. बसका झालेला पाटा भट्टीत लाल करून ठोकून पुन्हा वाकविला की आकार परत येतो. पण दोन्ही संस्कार रीतसर पुन्हा केले नाहीत, तर पाणी उतरलेलेच राहते. असा पाटा भरल्या गाडीखाली पुन्हा बसतो किंवा मोडतो, आणि घाटाच्या वळणावर त्याचा अर्थ जीविताशी निगडित असतो. याउलट मोडीत निघालेल्या पाट्याचा कोयता घडविणारा लोहार त्याला आवर्जून पाणी देतो, कारण धारेचे पाणी कसे असावे हे त्याला परंपरेने ठाऊक असते. कमानीचा आकार आणि मिश्रण बाहेरून आले. धातूला पाणी असते ही जाण मात्र येथे पूर्वीपासून होती. लोहाराची ही जाण आणि कारखान्यातील तापमापकाचे ज्ञान यांची सांगड कितपत पडली, यावरच या प्रदेशाच्या यांत्रिक प्रगतीचे पाणी जोखले पाहिजे.