दोना पावलाची इंग्रज दफनभूमी

दोना पावलाहून काबोकडे जाताना रस्त्यालगत एक जुनी दफनभूमी लागते. कित्येक वर्षे तिच्यावरून नुसताच गेलो. परवा आत शिरलो. काही थडगी खचलेली, अक्षरे पावसाने झिजलेली. बोट फिरवून वाचावी लागली. नावे इंग्रजी! पोर्तुगीजांच्या गोव्यात इंग्रज कसे?

१७९९ साली टिपू पडला. त्याच वर्षी, फ्रेंच गोवा घेतील या भीतीने, इंग्रजांनी इथे फौज उतरवली. ती १८१३ पर्यंत राहिली. फ्रेंच आलेच नाहीत, लढाईही झाली नाही. माणसे मात्र मेली, आणि इथेच राहिली.

शाळेत ही चौदा वर्षे मला कुणी शिकवली नव्हती. ती या दगडांनी सांगितली. तेही पुसले गेले तर पुढच्यांना कोण सांगणार?