दप्तरातला खून

दिदिए देनँक्स या फ्रेंच लेखकाची ‘मेर्त्र पूर मेम्वार’ ही डिटेक्टिव्ह कादंबरी १९८४ साली आली. तिच्यात बाप आणि मुलगा असे दोघे मारले जातात. बाप रोजे तिरो हा पॅरिसमधल्या शाळेत इतिहास शिकवायचा. १७ ऑक्टोबर १९६१च्या संध्याकाळी घराजवळच त्याचा खून होतो. वीसेक वर्षांनी मुलगा बेर्नार तुलूझला सरकारी दप्तर चाळून बाहेर पडतो आणि रस्त्यातच त्याला गोळ्या घातल्या जातात. तोही इतिहासाचाच अभ्यासक. तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर कादँपुढे शेवटी एकच प्रश्न उरतो: हा पोरगा कोणते कागद बघत होता?

माझी सगळी नोकरी दप्तरखान्यात गेली. रुमाल सोडायचा, कागद मोजून द्यायचे, मागणीच्या चिठ्ठीवरची सही तपासायची, संध्याकाळी पुन्हा मोजून गाठ मारायची. त्यामुळे रहस्यकथेतल्या विषाच्या बाटल्या आणि बंद खोल्या मला फारशा धरून ठेवत नाहीत. ही कादंबरी मात्र माझ्या टेबलावर घडते. बाप आपल्या गावाचा, द्राँसीचा इतिहास लिहीत होता. ते काम अर्धवट राहिलं, म्हणून मुलगा तेच कागद पुन्हा मागवतो. ज्या अधिकाऱ्याची सही त्या कागदांवर आहे, तो अजून मोठ्या पदावर आहे.

द्राँसी पॅरिसच्या ईशान्येला आहे. तिथे १९३०च्या दशकात ‘सिते द ला म्युएत’ नावाची नव्या धर्तीची घरं बांधायला घेतली होती. बांधकाम पुरं होण्याआधीच दुसरं महायुद्ध आणि त्यासोबत जर्मन अंमल आला. ऑगस्ट १९४१पासून तिथल्या नालेच्या आकाराच्या चार मजली इमारतीत ज्यू माणसं कोंडली जाऊ लागली. फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यूंना हद्दपार केलं गेलं. त्यांतले जवळपास ६३ हजार द्राँसीवरून गेले, बहुतेक थेट ऑशविट्झला. पहारा बराच काळ फ्रेंच पोलिसांचा होता, याद्याही फ्रेंच कचेऱ्यांतच बनत होत्या. प्रत्येक गाडीमागे नावं, वयं, पत्ते, तारीख, शिक्का. युद्धानंतर त्या इमारतीत पुन्हा बिऱ्हाडं आली आणि आजही तिथे लोक राहतात.

कादंबरीतल्या अधिकाऱ्यामागे खरा माणूस कोण, हे फ्रान्समध्ये कोणाला विचारायची गरज पडली नाही. मोरिस पापों १९४२ ते १९४४ या काळात बोर्दोच्या प्रीफेक्चरचा, म्हणजे जिल्हा-कचेरीचा, सरचिटणीस होता. त्या प्रदेशातून सुमारे १,६०० ज्यूंची रवानगी झाली, त्या कारभारात त्याचा हात होता. युद्ध संपलं आणि हा माणूस वरवर चढत गेला. १९५८ साली तो पॅरिसचा पोलीसप्रमुख झाला, १९७८ साली अर्थसंकल्पाचा मंत्री. मे १९८१मध्ये ‘ल कानार आँशेने’ या साप्ताहिकाने बोर्दोचे कागद छापले, तेव्हा तो मंत्रीच होता.

या सगळ्याच्या मधली तारीख १७ ऑक्टोबर १९६१, कादंबरीतला बाप मारला जातो तीच. अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. पापोंच्या पोलीस खात्याने ५ ऑक्टोबरला पॅरिसमधल्या अल्जीरियन माणसांनी रात्री बाहेर पडू नये असं फर्मावलं. त्याविरुद्ध हजारो अल्जीरियन कामगार बायकापोरांसह, निःशस्त्र, पावसात मोर्चाने आले. बॉन-नुव्हेल रस्त्यावर रेक्स सिनेमापाशी गोळीबार झाला. पुलांवरून माणसं सेन नदीत फेकली गेली. अकरा हजारांहून जास्त लोकांना पकडून पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या शहरबसमधून क्रीडागृहांत नेलं. जुलै १९४२मध्ये पॅरिसमधल्या ज्यूंना धरून नेलं, तेही शहरबसमधूनच. पोलिसांनी सुरुवातीला दोन-तीन मृत्यू सांगितले. इतिहासकारांचे आकडे काही डझनांपासून दोनशेच्या पुढे जातात.

देनँक्स तेव्हा बारा वर्षांचा होता, पॅरिसच्या उत्तरेकडच्या कामगार वस्तीतला. पुढे तो छापखान्यात काम करू लागला. बॉन-नुव्हेलच्या मेट्रो स्टेशनवर कामगार भिंतीवरचे जुने कागद खरवडत असताना खालून जर्मन अंमलातली नोटीस निघते, असं त्याने कादंबरीच्या शेवटी दाखवलं आहे. थरावर थर चिकटलेला कागद कसा असतो ते छापखान्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. १९८५ साली कादंबरीला फ्रान्समधला रहस्यकथेचा मोठा पुरस्कार मिळाला. इतिहासाची पुस्तकं अजून मागे होती. झाँ-ल्युक एनोदी यांचा त्या रात्रीवरचा ग्रंथ १९९१ साली आला, आणि तो त्यांनी सरकारी दप्तर बंद असताना साक्षीदार शोधून लिहिला.

बंद म्हणजे कायद्याने बंद. फ्रान्सच्या १९७९च्या कायद्यात, २००८ साली तो बदलेपर्यंत, सामान्य कागदांना तीस वर्षं होती, खासगी आयुष्य किंवा राज्याच्या सुरक्षेशी जोडलेल्यांना साठ, न्यायालयीन कागदांना शंभर. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने १९६१चा खटला-कागद २०६१मध्ये उघडला असता. मुदती लागतातच. जिवंत माणसाच्या आजारपणाचा कागद कोणाच्याही हातात देऊ नये, याबद्दल माझं दुमत नाही. पण माणूस मारणाऱ्याला त्याच मुदतीची सावली मिळते, तेव्हा आमच्या धंद्याला उत्तर द्यावंच लागतं. आपल्याकडेही पेशवे दप्तर इंग्रज सरकारच्या कुलपात अडकलं होतं. इतिहासकार सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४मध्ये त्याचे निवडक पंचेचाळीस खंड छापले गेले, तेव्हा कुठे ते बाहेर आलं.

बोर्दोच्या कारभाराबद्दल एप्रिल १९९८मध्ये पापोंला दहा वर्षांची शिक्षा झाली. पॅरिसच्या रात्रीबद्दल त्याच्यावर खटला कधीच झाला नाही. उलट त्यानेच एनोदींवर बदनामीचा दावा लावला. त्यांनी लिहिलं होतं की ती कत्तल पापोंच्या हुकमाखालच्या पोलिसांनी केली. फेब्रुवारी १९९९मध्ये कोर्टात पॅरिसच्या दप्तरखान्यातले दोघे एनोदींच्या बाजूने उभे राहिले. ब्रिजीत लेने यांनी समक्ष साक्ष दिली, फिलिप ग्राँ यांनी लेखी. सरकारी वकिलाच्या कचेरीच्या नोंदवह्यांत काय लिहिलं आहे, ते त्यांनी सांगितलं. पापों हरला.

त्या दोघांची कामं मात्र काढून घेतली गेली. फायली नाहीत, वाचक नाहीत, जबाबदारी नाही, आणि हे वर्षानुवर्षं. दप्तरातल्या माणसाला याहून मोठी शिक्षा मला माहीत नाही. गोपनीयता मोडली असा ठपका होता. मला विचाराल तर, त्यांनी शपथेवर खरं सांगितलं आणि त्यासाठी तेवढाच कागद उघडला जेवढा लागत होता. पॅरिसच्या प्रशासकीय न्यायालयाने पुढे लेने यांच्या बाजूने निकाल दिला. त्या २०१८ साली गेल्या. डिसेंबर २०२१मध्ये फ्रेंच सरकारने अल्जीरियन युद्धातल्या पोलीस-न्यायालयीन तपासांचे कागद २००८नंतरच्या मुदतीच्या पंधरा वर्षं आधी सर्वांना खुले केले.