खडकीच्या कबरींपाशी

गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने आमची शाळेची सहल पुण्यास निघाली, तेव्हा "आपल्या जिल्ह्याचा महायुद्धाशी काय संबंध, फादर?" असे एका विद्यार्थ्याने गाडीतच विचारले. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली युद्धकाळातच बांधली, हे ऐकून तो गप्प झाला.

पुण्यात मुलांना शनिवारवाड्याची ओढ. आम्ही मात्र त्यांना प्रथम खडकीच्या युद्ध-दफनभूमीत नेले. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक तेथे चिरविश्रांती घेत आहेत. अधिकारी असो वा शिपाई, शिळा एकसारखी. १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाचा हा दंडक. राखेच्या बुधवारी आपण जे ऐकतो, तेच येथे दगडात दिसते.

परंतु ही समता सर्वांच्या वाट्यास आली नाही. पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिका व इजिप्तमधील, नावे कोठेही कोरली गेली नाहीत. भारतीयांसह आणखी ४५ ते ५४ हजारांना विषम वागणूक मिळाली. आयोगानेच २०२१ साली हे मान्य करून क्षमा मागितली.

आम्ही मुलांना नाईक यशवंत घाडगे यांची हकिकत सांगितली. रायगडातील पळसगावचा हा मराठा वीर १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर मात्र अज्ञातच. नाव तेवढे कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

"मग त्यांच्यासाठी मेणबत्ती कोठे लावायची?" एका मुलीने विचारले. आम्हास चटकन उत्तर सुचले नाही.

२ नोव्हेंबरच्या मिस्सासाठी आलेल्या मृतांच्या यादीत, तिच्या आजीच्या नावाखाली, 'यशवंत घाडगे' असे लिहिलेले होते. आम्ही ते वेदीवरून तसेच वाचले.